आवडत्या बँडचा आवाज बदललाय? मग नवा अल्बम असा ऐका

दोन गाणी ऐकायची आणि "गेला आपला बँड" म्हणून बंद करायचं, हे मी पण केलंय, आर्क्टिक मंकीजच्या २०१८ च्या अल्बमला. डोक्यात २०१३ चा गिटारवाला अल्बम बसलेला आणि इथे जिकडेतिकडे पियानो. नंतर कळलं की त्यांचा गायक अ‍ॅलेक्स टर्नर, त्याला ३० व्या वाढदिवसाला पियानो भेट मिळालेला आणि ही गाणी त्याने त्यावरच बसून लिहिली, मग परत ऐकला तर गाणी एकदम उलगडली.

तर पहिल्यांदा शफल बंद करा, सगळा अल्बम क्रमाने ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, त्यात बेस जवळजवळ येतच नाही. म्हापसा-पणजी बसमध्ये पण नको, इयरफोन असले तरी इंजिनच्या घरघरीत अर्धं जातं, रात्री जेवण झाल्यावर पंखा बंद करून बसा.

मग जुनं एक गाणं, नवं एक, पाठोपाठ. व्हॉल्यूम कानाने सारखा करून घ्या हां, कारण जे जरा मोठ्याने वाजतं तेच कानाला उगाच भारी वाटतं. आता नवं गाणं तीनचारदा लावा आणि दर वेळी एकच गोष्ट धरा. आधी फक्त ड्रम्स, माणूस वाजवत असेल तर प्रत्येक ठोका थोडा वेगळा पडतो, मशीनवर बऱ्याचदा अगदी एकसारखा. मग बेस. मग गाणारा, तो तुमच्या कानाशी बसून गातोय की देवळाच्या सभामंडपात उभा राहून?

आपल्याकडे गोव्यात चवथीला घुमट आरती होते ना, तिथे बघा. घुमट म्हणजे मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं वाद्य. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, तिची शिकार बंद झाली तसं बकऱ्याचं आलं. आरती तीच, ताल तोच, मातीचं भांडं तेच, पण वाजवणाऱ्या जुन्या माणसांना पहिल्या थापेलाच फरक कळतो. बँडचं पण हेच आहे, कातडं बदललंय की वाजवणारा हात, ते आधी शोधा.

त्यासाठी अ‍ॅपमध्ये गाण्याचे क्रेडिट्स उघडा आणि प्रोड्युसरचं, म्हणजे रेकॉर्डिंगचा आवाज घडवणाऱ्या माणसाचं, नाव वाचा, हे कोणी करतच नाही! कोल्डप्लेचंच घ्या, २००० च्या पहिल्या अल्बमपासून माणसं तीच चार. पण २००८ ला ब्रायन ईनो आला तसा आवाज पसरट, थरावर थर चढवलेला झाला, आणि २०२१ ला मॅक्स मार्टिन आला, बॅकस्ट्रीट बॉइजच्या १९९९ च्या हिटमागचा माणूस, तर सगळं चकचकीत आणि कोरस पहिल्याच फटक्यात तोंडात बसणारा.

एवढं झालं की आठ दिवस अल्बमला हात लावू नका, मग एकदा परत लावा. तरी नाही आवडला तर नाही आवडला, पण मित्रांना सांगताना "बकवास" एवढंच नका सांगू, "ड्रम्स मशीनचे केलेत, तिथे माझं मन उडालं" असं नेमकं सांगा.