जुनं आर्केड कॅबिनेट रंगवताय? पद्धत निवडताना या चुका टाळा

आर्केड कॅबिनेटचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीचा, रंग फसला की दोष हाताला नाहीतर रंगाच्या डब्याला दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते. रोलर, स्प्रे कॅन की स्प्रे गन, हे लोक पहिल्याच दिवशी ठरवून टाकतात. कॅबिनेट कोणत्या बोर्डचं आहे, मुळात त्यावर रंग होता की लॅमिनेट, आपल्याकडे हवा खेळती असलेली जागा आहे का, हे प्रश्न मागाहून येतात. क्रम नेमका उलटा हवा. शिवाय अख्ख्या कॅबिनेटला एकच पद्धत चालते हा समजही सोडायला हवा. बाजूच्या फळ्या, कॉइन डोअरचा (नाणं टाकायच्या दाराचा) पत्रा आणि आतली काळी बाजू ही तीन वेगळी कामं आहेत.

मूळ काय होतं ते न बघताच खरवडायला घेणं

यापेक्षा महागात पडणारी चूक नाही, कारण ती दुरुस्त होत नाही. मिडवे कंपनीच्या १९८० च्या 'पॅक-मॅन'च्या बाजू पिवळ्या रंगवलेल्या होत्या आणि त्यावरचं चित्र स्टेन्सिलमधून रंग फवारून काढलेलं होतं. विल्यम्सच्या 'डिफेंडर'वरही स्टेन्सिलचंच काम आहे. अटारीच्या बऱ्याच कॅबिनेटवर मात्र छापील व्हिनाइल चिकटवलेलं दिसतं. १९७१ चं 'कॉम्प्युटर स्पेस' तर लाकडाचं नाहीच, त्याचा सांगाडा फायबरग्लासचा आहे. त्याला गाडीच्या बॉडीची पद्धत लागते, लाकडाची नाही.

म्हणून आधी साफसफाई. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं घ्यायचं, कंट्रोल पॅनलच्या (खेळायच्या बटणांच्या भागाच्या) खालचा एखादा कोपरा पुसून बघायचा. सिगारेटच्या धुराचा पिवळा थर निघाला की 'रंग उडालाय' असं वाटणारी बाजू कित्येकदा चांगलीच शाबूत निघते. चित्राचा बराचसा भाग टिकून असेल तर नव्याने रंगवू नका, असं माझं ठाम मत आहे. ओरखडे बारीक ब्रशने भरता येतात. कारखान्यात फवारलेलं चित्र एकदा पॉलिश पेपरखाली गेलं की गेलंच.

रंगवावंच लागणार असेल तर मूळ छटा कुठून घ्यायची? बाजूच्या मधल्या भागातून तर मुळीच नको, तिथला रंग उन्हाने आणि धुराने बदललेला असतो. टी-मोल्डिंगची (फळीच्या कडेच्या खाचेत बसणारी) पट्टी उचला, कॉइन डोअरची चौकट काढा, त्याखाली न विटलेली पट्टी सापडते. रंग जुळवायला तीच द्या. खरवडण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून चित्राचे समोरून फोटो काढा आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. सिरियल नंबरचे स्टिकर झाकून ठेवा. जुना रंग कोरडा घासण्याआधी शिशाची चाचणी करा आणि त्या धुळीसाठी योग्य मास्क वापरा.

आणखी एक, पण जिवाशी गाठ असलेलं. पिक्चर ट्यूब असलेला मॉनिटर आत ठेवून रंगकाम करू नका. मशीन बंद केल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार राहू शकतो. तो रीतसर उतरवता येत नसेल तर जाणकाराकडून मॉनिटर काढून घ्या.

बोर्ड ओळखण्यात चूक

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ रंगाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. प्लायवूडवर लाकडाचे रेषे रंगाखालून उमटतात, त्यामुळे प्रायमरचा एक हात पुरत नाही. दोन-तीन हात आणि मध्ये घासणं हवं. पार्टिकल बोर्डचा शत्रू पाणी. कॅबिनेटच्या तळाशी कडा फुगून भुसा सुटलेला दिसतो, तो वर्षानुवर्षं फरशी पुसताना लागलेल्या ओलाव्याने. अशा जागी नुसती लांबी (पुट्टी) भरली तर काही महिन्यांत ती कड सोडते. सुटा भुसा काढा, उरलेल्या भागात पातळ इपॉक्सी मुरू द्या, वाळल्यावर पॉलिस्टर फिलरने आकार द्या. फारच कुजलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडणं बरं.

एमडीएफचा सपाट भाग गुणी असतो, पण कापलेली कड रंग शोषत राहते. तिच्यावर पहिलाच हात पाण्याच्या प्रायमरचा दिला की तंतू उभे राहतात आणि कड खरखरीत होते. कडेला आधी शेलॅकचा (लाखेचा) किंवा सॉल्व्हंटचा प्रायमर द्या, घासा, पुन्हा द्या.

फिलर भरताना टी-मोल्डिंगची खाच बुजते, हे शेवटच्या दिवशी पट्टी बसवताना लक्षात येतं. खाचेत आधीच मास्किंग टेप किंवा जुन्या मोल्डिंगचा तुकडा दाबून ठेवा. रंगाचे चार-पाच थर साचले तरी पट्टी बसायला त्रास देते.

रोलरला कमी लेखणं

'खरं काम गननेच होतं' या समजुतीपायी अनेक जण नको त्या खर्चात आणि नको त्या धोक्यात शिरतात. कॅबिनेटची बाजू सपाट असते, तिला रोलर छान मानवतो. चार इंची फोमचा किंवा अगदी आखूड लव असलेला रोलर घ्या, सॅटिन (मंद चमकीचं) एनॅमल घ्या आणि कॅबिनेट आडवं टाका. अर्धी लढाई या आडवं टाकण्यातच जिंकली जाते, कारण आडव्या पृष्ठभागावर ओघळ येत नाहीत. रंग पसरून झाल्यावर रिकामा होत आलेला रोलर, वजन न देता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने फिरवायचा आणि मग हात मागे घ्यायचा. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत रोलर फिरवला तर खडबडीत पट्टे उठतात. बारीक बुडबुडे आपोआप बसतात, त्यांच्या मागे लागू नका. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग धूळ पूर्ण पुसून पुढचा हात.

चकाकी ठरवतानाही घाई नको. ग्लॉस काळा रंग फिलरची प्रत्येक लाट दाखवतो. प्रायमर झाल्यावर खोली अंधारी करून टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. सरळ उजेडात न दिसणारे खड्डे सावल्या टाकतात. त्या सावल्या घालवायची तयारी नसेल तर सॅटिन निवडा. बऱ्याच जुन्या कॅबिनेटना तीच चमक शोभते.

स्प्रे कॅनवर अख्खी बाजू काढणं

उभ्या कॅबिनेटची बाजू साधारण पावणेदोन मीटर उंच असते. कॅनचा फवारा अरुंद. एक पट्टा ओला असताना शेजारचा अर्धा सुकलेला असतो, म्हणून आडव्या चमकदार-निस्तेज पट्ट्या दिसतात. त्यातही वेगवेगळ्या बॅचच्या कॅनमध्ये छटा किंचित बदलू शकते. स्पीकरची जाळी, मार्कीच्या (वरच्या नावाच्या फलकाच्या) धातूच्या पट्ट्या, छोटे ब्रॅकेट यांसाठी कॅन उत्तम. मोठ्या बाजूसाठी तो शेवटचा पर्याय असावा.

गन घेतली, हवा विसरली

एचव्हीएलपी गन कमी दाबावर भरपूर हवा मागते. छोटा कॉम्प्रेसर अर्ध्या पट्ट्यातच धापा टाकतो, दाब पडतो, रंगाचे थेंब मोठे होतात आणि संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार पोत येते. गन विकत घेण्याआधी तिला मिनिटाला किती हवा लागते आणि कॉम्प्रेसर सलग किती देतो, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. नळीत पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर पाण्याचे थेंब रंगात उतरून खड्डे पाडतात. गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, फळीला समांतर फिरवायची, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मनगट वळवलं की मध्ये जाड आणि टोकांना पातळ थर बसतो.

हार्डनर घातलेल्या टू-के (दोन घटकांच्या) पॉलियुरेथेन रंगाबद्दल स्पष्ट लिहितो. टिकाऊपणात तो फार वरचा, पण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. साधा धुळीचा मास्क इथे काहीच कामाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि फवारणीसाठी योग्य बूथ नसेल तर हे काम व्यावसायिक पेंटरकडे सोपवा. आर्केड कॅबिनेटला इतक्या कठीण थराची गरजही क्वचितच असते.

पत्र्याच्या भागांची गोष्ट निराळी. कॉइन डोअर आणि धातूचं कंट्रोल पॅनल यांना पावडर कोटिंग अप्रतिम बसतं, खरखरीत काळा पोतही मिळतो. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजावं लागतं, म्हणून कुलूप, प्लास्टिक, बल्बचे होल्डर सगळं आधी काढा. नटबोल्टच्या आट्यांत पावडर जाऊ देऊ नका, नाहीतर स्क्रू बसणार नाहीत.

बिघडलंच तर काय बघायचं

गोल गोल डोळे पडून रंग मागे सरकतोय? खाली सिलिकॉन किंवा तेल आहे. जुन्या मशीनवर चकाकीचे स्प्रे वर्षानुवर्षं मारलेले असतात. नुसता आणखी एक हात देऊन हे झाकत नाही. वाळू द्या, घासा, मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने दोन वेगळ्या फडक्यांनी पुसा, एकाने ओलं, दुसऱ्याने कोरडं. मग शेलॅकचा अडसर थर देऊन पुढे जा. खरं तर ही पुसापुशी पॉलिश पेपर लावण्याआधीच व्हायला हवी, नाहीतर तेल घासून आत जातं.

सुरकुत्या पडल्या तर वरच्या थराच्या थिनरने खालचा अर्धा कच्चा थर उचलला आहे. एनॅमलवर लॅकर मारल्याने हे हमखास होतं. काही कॅनवर 'एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर पुढचा हात' अशा धर्तीची सूचना असते, ती याचसाठी. सुरकुतलेला भाग पक्का वाळेपर्यंत थांबून मुळापर्यंत घासावा लागतो.

लॅकरवर दुधाळ झाक आली असेल तर हवेतली आर्द्रता थरात अडकली आहे. कोरड्या दिवसाची वाट बघा. ओघळ ओला असताना बोटाने पुसू नका. कडक झाल्यावर ब्लेडने किंवा लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरने फक्त उंचवटा उतरवा. पिवळा रंग चार हातांनंतरही खालचं दाखवत असेल तर दोष रंगाचा नाही. पिवळा मुळातच कमी झाकतो, त्याखाली गडद नव्हे, पांढरा प्रायमर हवा.

स्टेन्सिलची घाई

चिकट व्हिनाइल स्टेन्सिलखाली रंग झिरपला तर चित्राची कड दातेरी होते. स्टेन्सिल चिकटवल्यावर त्याच्या कडांवर आधी खालचाच रंग हलका फवारा. जी काही फट असेल ती त्याच रंगाने बुजते, मग वरचा रंग पातळ थरांत द्या. इथे रोलर नको. या कामाला स्प्रेच हवा, आणि तो काटकोनात. वरचा रंग अजून थोडा मऊ असतानाच स्टेन्सिल स्वतःवर दुमडत हळू काढा. पूर्ण कडक होऊ दिला तर कडेचा पापुद्रा सोबत निघतो. मूळ कारखान्यातल्या चित्रांत कडा किंचित धूसर असतात, रंग एकमेकांवर थोडे सरकलेले असतात. फोटोंशी ताडून बघा आणि तितकी धूसरता राहू द्या, ती त्या मशीनची ओळख आहे.

हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असं समजणं

ऑइल एनॅमल काही तासांत हाताला लागेनासा होतो, पण आतपर्यंत पक्का व्हायला एक आठवड्यापासून महिनाभरही लागू शकतो. त्याआधी साइड आर्टचं (बाजूच्या चित्राचं) स्टिकर चिकटवलं तर रंगातून निघणारे वायू त्याखाली अडकून फोड येतात, आणि पुढे स्टिकर हलवायला गेलं की रंगच सोबत येतो. दिसत नसलेल्या जागी नख दाबून बघा. ठसा उमटत असेल तर थांबा. वासही चांगला खुणावतो: नाक फळीजवळ नेल्यावर थिनरचा दर्प येत असेल तोवर स्टिकर गुंडाळीतच राहू द्या. टी-मोल्डिंग रबरी हातोड्याने बसवायची तीही याच्यानंतर, आणि कॉइन डोअरची चौकट सर्वांत शेवटी, तिच्या कडेखाली पातळ फेल्टची पट्टी देऊन.