होडीला स्विम प्लॅटफॉर्म बसवताय? या चुका टाळा

हतनूरच्या फुगवट्यात किंवा गिरणा धरणाच्या पाण्यावर शिडाची छोटी होडी घेऊन उतरणारे आपल्या खानदेशात थोडेच. त्यामुळे होडीच्या मागच्या बाजूला पाण्यात उतरण्या-चढण्यासाठी प्लॅटफॉर्म बसवायचा म्हटलं की विचारायला जवळ कोणी नसतं. मग मोबाइलवरचा फोटो दाखवून फॅब्रिकेशनवाल्याकडून काम करून घेतलं जातं. तो माणूस गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची ट्रॉली उत्तम बनवतो, पण तुमची होडी पाण्यात कशी बसते हे त्याने पाहिलेलं नसतं. ते त्याला सांगणं आपलंच काम आहे.

पहिली चूक मोजमाप घेतानाच होते. होडी ट्रॉलीवर उभी असते आणि आपण वरून बघून लांबी-रुंदी ठरवतो. पण पाण्यात उडी मारायला प्लॅटफॉर्म लागतच नाही, ती होडीच्या काठावरूनही मारता येते. प्लॅटफॉर्मची खरी गरज परत वर चढताना लागते. तेव्हा माणूस दमलेला असतो, कपडे ओले असतात, अंगात लाइफ जॅकेट असतं आणि पायाखाली काहीच नसतं. म्हणून आधी होडी पाण्यात सोडा, नेहमीची माणसं आणि सामान चढवा, पाण्याची रेघ खडूने आखून घ्या आणि एकदा स्वतः पाण्यातून चढून बघा. हात कुठे पोचतो आणि गुडघा कुठे अडतो ते तेव्हाच कळतं.

शिडी आखूड ठेवू नका

माझ्या मते प्लॅटफॉर्मपेक्षा शिडी महत्त्वाची, आणि पैसे वाचवले जातात ते नेमके शिडीवरच. खालची पायरी पाण्याच्या पातळीपासून निदान ५० ते ६० सेंटिमीटर खाली जायला हवी. पायरी पाण्याला जेमतेम टेकत असेल तर पाय छातीपर्यंत उचलावा लागतो, आणि दमलेल्या माणसाला ते जमत नाही. पायऱ्या गोल पाइपच्या करू नका, अनवाणी तळव्याला त्या रुततात. सपाट, खरखरीत आणि पाऊल नीट मावेल अशा पट्ट्या घाला.

शिडी नुसती उभी लोंबकळत असेल तर आणखी एक अडचण येते. पायरीवर पाय ठेवला की शिडी होडीच्या पोटाखाली सरकते, शरीर मागे झुकतं आणि सगळं वजन हातांवर येतं. लोक म्हणतात, ‘हातात ताकद नाही’. दोष शिडीचा असतो. शिडीच्या खालच्या भागाला होडीपासून दूर ठेवणारे रबरी टोकाचे दोन आधार लावले की हा त्रास मिटतो. प्लॅटफॉर्मवर हात घालून ओढून घेता येईल असं एक मजबूत हँडलही हवं. ते नसेल तर माणूस ओल्या फळीवर नखं रोवत बसतो.

घडीची शिडी वर बांधून ठेवतात तेव्हा तिची दोरी पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागेल अशी खाली सोडा. होडीत दुसरं कोणी नसताना तुम्ही तोल जाऊन पडलात तर वरची गाठ सोडणार कोण?

बोल्ट, पट्टी आणि पाणी

प्लॅटफॉर्म मागे ६० सेंटिमीटर बाहेर आला आहे आणि त्याच्या टोकावर ८० किलोचा माणूस उभा आहे असं धरा. वरच्या बोल्टांत आणि खालच्या आधारात उभं अंतर ३० सेंटिमीटर असेल तर वरच्या बोल्टांवर १६० किलोची ओढ येते. माणूस उडी मारतो तेव्हा ती आणखी वाढते. तोच आधार तिरका घेऊन ४५ सेंटिमीटर खाली नेला तर ओढ सुमारे १०७ किलोवर येते. म्हणून खालचे तिरके पाय लांब घ्या. ‘दिसायला अडचण होते’ म्हणून ते आखूड करू नका.

फायबरमध्ये नुसते स्क्रू पिळणं ही घोडचूक आहे. बोल्ट आरपार गेलेच पाहिजेत, आणि आतून लहान वॉशरऐवजी चांगली रुंद, जाड पट्टी हवी. बऱ्याच होड्यांची मागची भिंत म्हणजे दोन फायबरच्या थरांमध्ये घातलेलं प्लायवूड असतं. भोकातून पाणी त्या प्लायवूडमध्ये शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. उपाय सोपा आहे. भोक मोठं पाडा, ते घट्ट इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) भरा, वाळल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडा आणि पॉलियुरेथेन सीलंट लावून बोल्ट आवळा. बाथरूमला लावतात ते साधं सिलिकॉन इथे नको. त्याचा थर एकदा बसला की पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

आधीच बसवलेल्या प्लॅटफॉर्मची शंका असेल तर भिंत आतून कोरडी पुसा, प्लॅटफॉर्मवर एकाला बसवा आणि बोल्टांभोवती ओल येते का बघा. मागची भिंत हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर प्लॅटफॉर्म काढून आतलं लाकूड तपासा, नुसतं सीलंट वरून थापू नका.

स्टेनलेस स्टीलबद्दल इंटरनेटवर ३१६ या ग्रेडचा आग्रह दिसतो. तो समुद्रासाठी योग्यच आहे. आपल्या धरणाच्या गोड्या पाण्यात ३०४ ग्रेडचं चालतं, मात्र बोल्टही स्टेनलेसचेच घ्या. साध्या लोखंडी बोल्टांनी सगळी बचत वाया जाते.

सुकाणू आणि कल

शिडाची होडी वाऱ्याने एका अंगावर कलते, आणि प्लॅटफॉर्म फार खाली असेल तर त्याचं एक टोक पाणी कापू लागतं. होडी मंदावते आणि सुकाणू जड वाटतं. त्यामुळे घडी करून वर उचलता येणारा प्लॅटफॉर्म बरा. पृष्ठभाग सलग न ठेवता पट्ट्यापट्ट्यांचा ठेवा, म्हणजे खालून येणारी लाट वर निघून जाते आणि आदळत नाही. सुकाणू मागेच टांगलेलं असेल तर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितल्याशिवाय माप देऊ नका. गरज पडली तर प्लॅटफॉर्म दोन तुकड्यांत करा. लहान होडीवर एका वेळी एकच माणूस मागे. दोघे-तिघे मागे गेले की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली जाते आणि पाणी बाहेर जायच्या भोकातून उलटं आत येतं.

आपल्या उन्हाचाही हिशोब धरायला हवा. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा उघड्या स्टीलवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पीव्हीसी पाइप आपल्याकडे सहज मिळतो, म्हणून त्याचाच सांगाडा करायचा मोह होतो. पण साधा पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो आणि वजन पडलं की अचानक तुटतो. सागवानी पट्ट्या टिकतात. वर गडद रंग मात्र नको.

पाण्यात उतरल्यावर

इंजिन सुरू असताना मागे कोणीही उतरायचं नाही. पंख्याचा धोका सर्वांना कळतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा कळत नाही. त्याला वास नसतो, तो होडीच्या मागे पाण्यालगत साचतो आणि पोहणारा शुद्ध हरपून बुडतो. इंजिन बंद करून किल्ली काढून ठेवा, आणि शिडी इंजिनापासून लांबच्या बाजूला बसवा.

शीड उतरवा आणि नांगर नाळेकडून टाका. मागून नांगर टाकला तर लाटा थेट प्लॅटफॉर्मवरून आत येतात. नांगराविना सोडलेली होडी वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने निघून जाते. म्हणून १५-२० मीटरची तरंगती दोरी टोकाला रिकामा कॅन बांधून मागे सोडा, आणि एक माणूस कायम होडीत ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावटळ उठते, पोहणं सकाळीच उरका.

हतनूरला गाळ खूप आहे, पाणी गढूळ असतं आणि तळ दिसत नाही. प्लॅटफॉर्मवरून डोकं खाली करून सूर मारायचा नाही. पाणी ओसरलं की बाभळीची खोडं वर येतात, काठाकडे जाताना शिडी उचलून घ्या. मच्छीमारांच्या जाळ्यांपासून दूर राहा, पाय अडकला तर सुटत नाही आणि त्यांचं नुकसान होतं ते वेगळं. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की शांत दिसणाऱ्या पाण्याला ओढ लागते, त्या काळात पाण्यात उतरूच नका. एरवीही होडी घालण्याआधी जलसंपदा विभागाच्या धरणावरच्या कार्यालयात विचारा. तिथे परवानगी आहे का आणि विसर्ग कधी होणार आहे, दोन्ही एकाच फेरीत कळतं.