इंजिनाचे बेल्ट कधी बदलायचे? सर्व्हिसिंगच्या वेळी या चुका टाळा

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारनंतर एक फोन ठरलेला असतो. "बेल्ट बदलायला झालाय, टाकू का?" बहुतेक जण "टाका" म्हणून मोकळे होतात, नाहीतर "पुढच्या वेळी बघू" म्हणून. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. आधी विचारायला हवं, की कोणता बेल्ट?

इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला दिसतो तो ड्राइव्ह बेल्ट. जुन्या सवयीने त्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात, खरं तर बऱ्याच गाड्यांत पंखा कधीच विजेवर गेलाय. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप हा बेल्ट फिरवतो. दुसरा कव्हरच्या आत असतो, दात असलेला टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे होतात तेवढ्यात कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक झाला पाहिजे, आणि हा मेळ तो राखतो. बाहेरचा बेल्ट बघून बदलता येतो, आतला मात्र किलोमीटर आणि वर्षं मोजूनच बदलायचा. पुढच्या बऱ्याचशा चुका एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे होतात.

"चांगला दिसतोय, अजून चालेल"

टायमिंग बेल्टबद्दल हे वाक्य ऐकलं की मला धडकीच भरते. या बेल्टची ताकद वरच्या रबरात नसते, आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत असते, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. दाताच्या मुळाशी पडलेली बारीक भेगही बेल्ट काढून उलटा वाकवल्याशिवाय सहसा दिसत नाही. तो कुरकुरत नाही, घसरत नाही. कालपर्यंत गाडी लोण्यासारखी चालत असते आणि आज एकदम बंद पडते.

बंद पडून थांबलं तर नशीब. पुष्कळ इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर जवळपास सगळ्याच, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात. इंजिन 3000 आरपीएमवर असताना प्रत्येक पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर येतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो, कधी पिस्टनही जातो. म्हणून कंपनीने दिलेला आकडा हा सल्ला समजू नका, ती शेवटची तारीख आहे. तो आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. बऱ्याच गाड्यांत तो 60,000 ते 1,60,000 किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी सापडेल. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका, आपल्या गाडीच्या सर्व्हिस बुकातलं पान उघडा.

फक्त किलोमीटर बघणे

त्याच पानावर किलोमीटरच्या शेजारी वर्षंही दिलेली असतात आणि "यांपैकी जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. हे वाक्य सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतच असतं. आठ वर्षांत जेमतेम 30,000 किलोमीटर चाललेली गाडी बघून मालक खूश असतो, पण बेल्टची वर्षांची मुदत संपून गेलेली असू शकते.

उलट बाजूही लक्षात घ्या. ट्रॅफिकमध्ये तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण बेल्ट फिरतच असतो आणि तोही गरम हवेत. धूळ, उन्हाचा तडाखा, सतत छोट्या फेऱ्या, यासाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक असतं. आपला वापर त्यात बसतो का, हे प्रामाणिकपणे ठरवा. बहुतेकांचा बसतो.

इंजिनात बेल्ट आहे की चेन, हेच माहीत नसणे

टायमिंग बेल्टऐवजी टायमिंग चेन असेल तर ठरावीक किलोमीटरला बदलायचा प्रश्न सहसा येत नाही, वेळेवर ऑइल बदलणं हीच तिची देखभाल. आणि काही इंजिनांत बेल्ट चक्क ऑइलमध्ये भिजत फिरतो, फोर्डचं 1.0 लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं 1.2 लिटर प्युअरटेक ही त्यातली गाजलेली नावं. अशा इंजिनात चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं किंवा बदलायला उशीर केला, तर रबर झिजतं आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. मग बेल्ट तुटायच्या आधीच ऑइल प्रेशर घसरायला लागतं.

बाहेरच्या बेल्टवर भेगा शोधत बसणे

भेगा पडल्या की बदला, हा नियम जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टसाठी बरोबर होता. गेल्या वीसेक वर्षांतले बहुतेक ड्राइव्ह बेल्ट ईपीडीएम रबराचे आहेत. ते सहजासहजी तडकत नाहीत, टायरच्या नक्षीसारखे झिजतात. बेल्टच्या पुलीकडच्या बाजूला लांबीभर उंच रेघा असतात, त्यांच्यामधल्या चरी रुंद होतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि ओझं पडलं की घसरतो. वरून बघाल तर काळाभोर, गुळगुळीत, अगदी नव्यासारखा. चरींची खोली मोजायला एक छोटं प्लास्टिकचं गेज मिळतं. मेकॅनिक ते लावून बघतो की नुसता टॉर्च मारून "ठीक आहे" म्हणतो, हे एकदा जवळ उभं राहून बघा. भेगा दिसत असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा रेघेचा तुकडा निघाला असेल, तर मोजत बसायची गरजच नाही.

आवाज आला की स्प्रे, किंवा सरळ नवा बेल्ट

बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे आवाज चार दिवस दाबतो, धूळ मात्र कायमची चिकटवतो. त्यापेक्षा साध्या पाण्याची बाटली घ्या. इंजिन चालू ठेवून, हात, बाही, ओढणी पुलीपासून लांब ठेवून, बेल्टच्या रेघांच्या बाजूवर थोडा फवारा मारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली, तर एखादी पुली सरळ रेषेत नसण्याची शक्यता जास्त. आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. दोन्ही वेळा नुसता नवा बेल्ट टाकून भागणार नाही, आवाज काही दिवसांनी परत येईल.

बेल्ट ऑइल किंवा कूलंटने ओला झाला असेल, तर आधी गळती शोधा. गळती तशीच ठेवून टाकलेला नवा बेल्टही लवकरच फुगून मऊ पडेल.

बेल्ट नवा, बाकी सगळं जुनं

टायमिंग बेल्टच्या कामात खरी मेहनत तिथपर्यंत पोचण्यात असते. एकदा उघडलंच आहे तर टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी पुली) तिथेच बदलावेत, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. यात मेकॅनिक काम वाढवतोय असं समजू नका. आयडलर बोटाने फिरवून बघायला सांगा. बेअरिंग खरखरलं, किंवा ढिलं होऊन बराच वेळ मोकळं गरगरत राहिलं, तर ते संपलंय. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी कूलंट वाळल्याचा पांढरट किंवा रंगीत ओघळ दिसला, तर पंपाचं सील गेलंय. जाम झालेल्या बेअरिंगने नवा बेल्टही तुटतो. कॅम आणि क्रँकची ऑइल सील झिरपत असतील तर तीही याच वेळी उरकून घ्या.

बसवतानाच्या चुका मालकाला दिसत नाहीत, पण दोन प्रश्न विचारता येतात. नव्या बेल्टला पीळ किंवा घडी पडू दिली नाही ना? एका घडीनेही आतले दोरे तुटू शकतात. आणि सगळं जोडल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून पाहिल्या का? किल्ली लावण्याआधी एक दात चुकल्याचं इथेच कळतं.

नोंद नसलेली जुनी गाडी

"मागच्या मालकाने बदलला होता म्हणे" ही नोंद नव्हे. बिल नाही, तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर नाही, तर बेल्ट बदललेला नाही असं धरून चाला. आपण बदलल्यावर बिलावर बेल्टचा पार्ट नंबर, किलोमीटर आणि कोणकोणते भाग नवे टाकले ते लिहून घ्या, जुने भागही मागून घ्या.

तुटल्यावर स्टार्टर मारत राहणे

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर बाहेरचा बेल्ट गेलाय. बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर "पुढच्या चौकापर्यंत नेऊ" हे इंजिन तापवायला पुरेसं असतं. काही इंजिनांत तुटलेल्या बेल्टच्या चिंध्या क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये शिरतात, तेव्हा नवा टाकण्याआधी तिथे नजर टाकायला सांगा. आणि इंजिन धावताधावता एकदम बंद पडलं, नंतर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भराभर फिरतोय असं वाटलं, तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नका. टायमिंग बेल्ट गेला असण्याची शक्यता मोठी, आणि जे व्हॉल्व्ह अजून वाचलेत ते पुढच्या प्रयत्नात वाकू शकतात. गाडी टो करूनच न्या.