चटणी बरणीत गेल्यावर पाकिटाचं काय होतं?

सोलापूरच्या एका बचत गटासाठी मी नाव, पाकीट आणि फोनवरून ऑर्डर घ्यायचं पान अशी तिन्ही कामं केली. चटण्या चार: शेंगांची, कारळ्याची, जवसाची आणि सुक्या खोबऱ्याची. असंच काम तुमच्याकडे आलं, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठे जपायचं हे त्या अनुभवावरून सांगते.

कॉम्प्युटर उघडण्याआधी चटणी खाणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात जा. मी सात घरी जाऊन आले. सातही घरांत एकच गोष्ट दिसली: पाकीट फोडलं की चटणी बरणीत जाते आणि पाकीट कचऱ्यात. एका आजींनी मात्र जुन्या लेबलवरचं नाव कात्रीने कापून बरणीत चटणीवरच ठेवलं होतं. तो कागद तेल पिऊन इतका आरपार झाला होता की नाव उलट्या बाजूनेही वाचता येत होतं. फोन नंबर कात्रीच्या पलीकडे राहिला होता. "परत मागवायची होती गं, पण नंबर कुठाय?" त्या म्हणाल्या. मला पुढचं सगळं काम त्या चिटोऱ्याने शिकवलं.

नावाचा निकाल लवकर लावा. किराणा दुकानात पाकिटं गल्ल्यामागे टांगलेली असतात, गिऱ्हाईक तोंडानेच मागतं. म्हणून नाव फोनवरून दहा जणांना सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. तिघाचौघांनी वेगवेगळं लिहिलं तर ते नाव सोडून द्या, कितीही आवडलं असलं तरी. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या; चटण्या-मसाले वर्ग ३० मध्ये येतात. चिन्ह (लोगो) एकाच रंगात, नखाएवढं छापून बघा. तेवढ्यात ओळखू आलं तर पुढे जा.

पाकिटाची मागची बाजू आधी

बहुतेक जण दर्शनी बाजू सजवतात आणि कायद्याचा मजकूर उरलेल्या कोपऱ्यात कोंबतात. मी उलट करते. आधी सगळा सक्तीचा मजकूर मोजून घेते: घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरायची, बॅच नंबर, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं) चिन्ह आणि परवान्याचा १४ आकडी नंबर. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका दर्शनी बाजूला, नावाजवळच हवा. शेंगदाणा ॲलर्जीच्या यादीत आहे, म्हणून ते वेगळ्या ओळीत लिहावं लागतं. खोबऱ्याची चटणी त्याच उखळात कुटली जात असेल, तर तिच्या पाकिटावरही दाण्यांचा अंश असू शकतो असं लिहा. ही एक ओळ कुणाचा तरी जीव वाचवू शकते, तिला बारीक टाइपात ढकलू नका.

आणखी एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्याला ठाऊक हवी. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला घालता येते, त्याच्या जागी नाही. म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट लागते. हे आधी कळलं तर पाकिटाचं माप त्याप्रमाणे ठरतं, शेवटी कळलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात.

बारकोड लागणार असेल तर त्याचं पूर्ण माप ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर. ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका आणि दोन्ही कडांची पांढरी जागा खाऊ नका. रेषा मिरचीच्या लाल रंगात कधीही छापू नका. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला त्या रेषा दिसतच नाहीत.

तेल आणि उजेड

गटातल्या काकूंना पाकिटाला पारदर्शक खिडकी हवी होती. चटणी दिसली की विकली जाते हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण शेंगदाण्यात तेल भरपूर, उजेड आणि हवा लागली की खवट वास येतो. २०० ग्रॅम चटणी साध्या पारदर्शक पिशवीत आणि तेवढीच चंदेरी अस्तराच्या पाऊचमध्ये भरून दोन्ही त्यांच्याच खिडकीत ठेवल्या. महिन्याभराने काकूंनी स्वतः हुंगून खिडकी रद्द केली. अशा वादात आपण बोलण्यापेक्षा वस्तूला बोलू द्यावं.

रोलवर ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरने होणारी) छपाई करायची तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि किमान मालही मोठा घ्यावा लागतो. चार चटण्यांची चार पाकिटं गटाला झेपणारी नव्हती. म्हणून पाऊच एकच ठेवला आणि चटणीप्रमाणे स्टिकर बदलला. तारखेच्या शिक्क्यासाठी सोडलेली जागा तेलकट बोटाने चोळून बघा. शिक्का पुसला गेला तर शाई बदला, नाहीतर पृष्ठभाग.

खोबऱ्यातला ऱ्या

इथे मी मार खाल्ला. स्टिकरची पहिली खेप आली तेव्हा 'खोबऱ्याची' ऐवजी 'खोबर्याची' छापून आलं होतं, र चा रफार होऊन य वर चढलेला. मी पाठवलेली फाईल छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या फॉन्टने उघडली गेली होती आणि मी प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, फोनवरच पाहून मंजूर केलं होतं. दोन हजार स्टिकर वाया गेले. अर्धा खर्च मी सोसला, कारण प्रूफवर सही माझी होती.

तेव्हापासून माझा नेम असा: फॉन्ट निवडताना आधी 'खोबऱ्याची', 'मिरच्या', 'कुऱ्हाड', 'शेंगा', 'लसूण' एवढे शब्द टाइप करते. ऱ्या नीट येतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हे लगेच कळतं. मुक्ता आणि बलू हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट मोफत मिळतात आणि मी ते भरवशाने वापरते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही सेटिंग निवडा, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. इंग्रजी लेबलांची नक्कल करून अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची माळ ओघळते. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. छपाईला फाईल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच द्या; मग फॉन्ट बदलायचा प्रश्न येत नाही. प्रूफ कागदावर, खऱ्या मापात काढून घ्या आणि ते गटातल्या बाईंकडून मोठ्याने वाचून घ्या. आपले डोळे तोपर्यंत सरावलेले असतात.

बरणीचं स्टिकर

आजींच्या चिटोऱ्यावरून पाऊचच्या मागे आम्ही एक सुटं निघणारं छोटं स्टिकर लावलं: 'काढा आणि बरणीला लावा'. त्यावर चटणीचं नाव, 'उघडली ता.' अशी रिकामी चौकट, क्यूआर कोड आणि ठळक आकड्यांत फोन नंबर. कागद तेलाने सुटतो म्हणून ते प्लास्टिक फिल्मवर छापलं आणि बॉलपेनने लिहिता यावं म्हणून मॅट ठेवलं.

क्यूआरबद्दल दोन सूचना. आपल्याकडे क्यूआर म्हणजे पैसे देणं, असंच लोकांच्या मनात बसलंय. ते पेमेंटचं ॲप उघडून स्कॅन करतात आणि ॲप नकार देतं. म्हणून कोडच्या वर 'पुन्हा मागवण्यासाठी, कॅमेऱ्याने' असं लिहा आणि खाली नंबर द्याच. कोडमधला पत्ता धंद्याच्या स्वतःच्या डोमेनचा ठेवा. फुकटातली छोटी लिंक उद्या बंद पडली तर छापलेला कोड बदलता येत नाही.

कोड स्कॅन केला की दुकानाचं मुखपृष्ठ उघडू नये. ज्या बरणीवरून स्कॅन केलं तीच चटणी, २०० ग्रॅम, समोर आलेली हवी. खाली एकच बटण: 'मागवा'. 'कार्टमध्ये जोडा' वाचून एका मावशींनी मला विचारलं होतं, "कशाला जोडू?" बटण बोटाला सापडेल एवढं, निदान ४८ डीपी (फोनच्या पडद्यावर वापरायचं माप). अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) ४.५ पट तरी हवा; पांढऱ्यावर हळदी रंगाचं अक्षर वाचता येत नाही. पत्त्यात 'स्ट्रीट लाइन १' असलं काही विचारू नका. मु. पो., तालुका, जिल्हा अशा चौकटी द्या, सगळ्यात आधी पिन कोड घ्या आणि तो टाकताना आकड्यांचाच कीबोर्ड उघडू द्या. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवायला सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तिथे तेच दिसतात.

मग पाच जणींना त्यांच्याच फोनवर चटणी मागवायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. "आता काय करू?" असं विचारलं तरी सांगू नका, ते कुठे विचारलं ते टिपून घ्या. पाचातल्या एकीने फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवली होती. तिच्या फोनवर 'मागवा' हे बटण पडद्याखाली गेलं होतं आणि पान संपलं असं समजून ती थांबली. माझ्या फोनवर हे मला कधीच दिसलं नसतं.

पाऊच बाजारात गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्या आजींकडे पुन्हा गेले. स्टिकर बरणीच्या झाकणावर होतं, थोडं तिरकं. 'उघडली ता.' च्या चौकटीत तारीख नव्हती. तिथे त्यांनी बारीक अक्षरांत दाटीवाटीने लिहिलं होतं: 'तिखट जास्त, नातवाला दह्यात'. पुढच्या छपाईत ती चौकट आम्ही एक सेंटिमीटरने वाढवली आणि 'उघडली ता.' च्या खाली आणखी एक रिकामी ओळ दिली.