कुत्र्याच्या कानाला आंबूस वास येतोय?

कृष्णेत डुंबून आलेल्या किंवा साताऱ्याच्या पावसात भिजलेल्या कुत्र्याच्या कानाला आंबूस वास, तपकिरी चिकट मळ आणि सारखी खाज असेल, तर मॅलेसेझिया या यीस्टची, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीची, शंका घ्या. खोबरेल तेल घालू नका; हे यीस्ट तेलकटपणावरच पोसतं. कापसाची काडी तर नकोच, मळ आणखी आत जातो. औषध घालण्याआधी पशुवैद्यांकडून कानाचा पडदा शाबूत आहे ना ते पाहून, मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

हेच यीस्ट कातडीवरही असेल, तर २ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) आणि २ टक्के मायकोनॅझोलचा (बुरशीनाशक) शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस १० मिनिटं अंगावर राहायलाच हवा; घाई इथेच नडते. मग बोटांच्या बेचक्या, काखा नीट कोरड्या करा. बरं होऊन पुन्हा उद्भवलं, तर बहुधा मुळाशी ॲलर्जी असते.