बातमीतला शासन निर्णय सापडत नव्हता, तो असा सापडला

गावच्या नळयोजनेच्या बातमीत ‘सरकारने मंजुरी दिली’ एवढंच; विभाग नाही, क्रमांक नाही. मथळ्यातले शब्द आणि बातमीची तारीख महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकली की दरवेळी शून्य नोंदी. फार वैताग आला.

जमलं ते असं. आधी विभाग ठरवला: गावची नळयोजना म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छता, ग्रामविकास नव्हे. मग शब्दांचा रकाना रिकामा ठेवला. तारीख बातमीच्या दिवसापासून पुढे दोन महिने दिली, कारण बातमी अनेकदा मंत्रिमंडळ बैठकीची असते, जीआर (म्हणजे शासन निर्णय) नंतर निघतो. सापडलेल्या पीडीएफच्या शेवटचा सांकेतांक, म्हणजे त्या निर्णयाचा ओळख क्रमांक, उतरवून ठेवा. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. सुरुवातीचा ‘वाचा’ नावाचा भागही सोडू नका, आधीचे निर्णय तिथेच क्रमांकासह दिलेले असतात.