रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक व्हायचंय? आधी मागे कोण उभं आहे ते बघा

कळव्यातल्या आमच्या रुग्णवाहिकेवर मी सहा वर्षं शनिवारची रात्रपाळी करते आहे. दिवसा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. नवीन मुलं-मुली आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, किती दिवसांत गाडीवर पाठवाल?" मी उलट विचारते, "गाडीवर काही झालं तर तुझ्यासाठी कोण बोलणार, हे विचारलंस का?"

आपल्याकडे 108 ची सेवा 2014 पासून आहे. त्या गाडीवर डॉक्टर असतो, माणसं नेमलेली असतात. आपल्यासारखे स्वयंसेवक असतात ते मंडळांच्या आणि ट्रस्टच्या गाड्यांवर. घरातून पेशंट उचलणं, एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे शिफ्टिंग, दहीहंडीला आणि विसर्जनाला उभं राहणं, ही आपली कामं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात स्वयंसेवक थेट सरकारी सेवेच्याच गाडीवर असतात, कधी पगारी पॅरामेडिकच्या जोडीला, तर लहान गावांत फक्त स्वयंसेवकच. तरीही त्यांचं म्हणणं सेवेपुढे मांडायला त्यांची वेगळी संघटना आहे. आपण तर सरकारी सेवेच्या बाहेरच, म्हणून आपल्याला अशा संघटनेची गरज जास्त, असं मला मनापासून वाटतं.

मला हे कळलं ते पहिल्याच पावसाळ्यात. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून छातीत दुखणाऱ्या आजोबांना घेऊन आम्ही एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो. डॉक्टरांनी लगेच तपासलं, पण रिकामी ट्रॉली नव्हती. आजोबा आमच्याच स्ट्रेचरवर राहिले. एक तास चाळीस मिनिटं. तेवढ्यात मुंब्र्याहून दुसरा कॉल आला आणि आम्ही स्ट्रेचरशिवाय दारात अडकलेलो. नातेवाईक आमच्यावर ओरडत होते, वॉर्डबॉय आमच्यावर ओरडत होता. मी परत काही बोलले असते तर भांडणच झालं असतं.

सोमवारी आमचे सचिवकाका मला म्हणाले, "तू भांडली नाहीस ते बरं केलंस. वेळा लिहिल्यास ना?" लिहिल्या होत्या. कॉल किती वाजता आला, पेशंट किती वाजता उचलला, दारात कधी पोचलो, स्ट्रेचर कधी सुटलं. आमच्या संघटनेत चार मंडळांच्या गाड्या आहेत. काकांनी चौघांच्या तीन महिन्यांच्या नोंदी एका कागदावर उतरवल्या आणि अधीक्षकांची वेळ मागून घेतली. तक्रार अशी केलीच नाही, नुसता कागद पुढे ठेवला. तेव्हापासून तिथे एक ट्रॉली फक्त रुग्णवाहिकांसाठी दारापाशी ठेवलेली असते, आणि पेशंट सोपवल्याची सही मिळते. माझ्या एकटीच्या बोलण्याने यातलं काहीही झालं नसतं. म्हणून सांगते, रजिस्टर कंटाळवाणं वाटलं तरी नीट लिहा. तुमची बाजू त्यातूनच मांडली जाते.

संस्थेत नाव घालण्याआधी काय विचाराल? विमा कुणाच्या नावाचा आहे ते विचारा. गाडीचा असतोच, गाडीतल्या स्वयंसेवकाचा आहे का? हेपॅटायटिस बी ची लस संस्था देते का? तिचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, त्यामुळे आज ठरवून उद्या होत नाही. ग्लोव्हज स्वतःच्या पैशांनी आणायला लावणाऱ्या संस्थेत मी जाणार नाही. मुलींनी रात्रपाळीत दुसरी बाई असते का आणि घरी सोडायला कोण येतं, हे मुळीच न लाजता विचारावं.

प्रशिक्षणाचंही तेच. प्रथमोपचाराचा कोर्स सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा किंवा रेड क्रॉसचा करता येतो, पण सर्टिफिकेट फ्रेम करून हात तयार होत नाही. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. डमीवर दोन मिनिटं केलंत की खांदे भरून येतात. आम्ही दर तीन महिन्यांनी ते पुन्हा करतो, जुन्यांनीसुद्धा.

पाळी सुरू होताना माझा हात आधी सिलिंडरवर जातो. काटा बघायचा, चावी फिरवून खरंच ऑक्सिजन येतोय का ते ऐकायचं, ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत पाणी आहे का बघायचं. बी टाइपचा सिलिंडर भरलेला असेल तर साधारण दीड हजार लिटर. मिनिटाला 10 लिटर लावलं की अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि संध्याकाळी ठाण्याहून सायनला निघालात तर सव्वा तासाच्या भरवशावर मी निघणार नाही. चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली असावी. एकदा ती ड्रायव्हरमामांच्या खिशात घरी गेली होती.

पोलिसांची भीती घरच्यांना असते. रस्त्यावरच्या अपघातात निःस्वार्थ मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 134 अ संरक्षण देतं. 2019 च्या दुरुस्तीत ते आलं. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पण हे अपघातापुरतं. घरातून उचललेल्या पेशंटच्या बाबतीत तुमचं ओळखपत्र, रजिस्टर आणि संघटनेचा फोन उचलणारा माणूस, हाच आधार.

आणि एक गोष्ट आहे जी कुठल्याच फॉर्मवर नसते. दुसऱ्या वर्षी एक लहान मुलगी आमच्या गाडीतच दगावली. साकेतच्या पुलावर. मी घरी येऊन आंघोळ केली आणि ऑफिसला गेले. दुपारी काकांचा फोन आला. "जेवलीस का?" एवढंच आधी. मग संध्याकाळी ते आणि त्या रात्रीचे आम्ही दोघं मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलो. काय केलं, काय करता आलं असतं, सगळं क्रमाने बोललो. काकांनी मध्ये एकदाही "विसरून जा" म्हटलं नाही. पुढचे दोन शनिवार त्यांनी माझी पाळी दुसऱ्याला दिली आणि तिसऱ्या शनिवारी स्वतः माझ्यासोबत गाडीवर आले.

आता तो दुसऱ्या दिवशीचा फोन मी करते.